कराचीचे वैद्य आणि आपल्या बाकावरचे सिंधी

कराचीत १८५५ साली सुरू झालेली सिंधमधली पहिली सरकारी शाळा आज एन. जे. व्ही. हायस्कूल म्हणून ओळखली जाते. हे एन. जे. व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य, सिंधच्या शिक्षण खात्यातले मराठी अधिकारी. सिंधी पोरांच्या शिक्षणासाठी घर सोडून इतक्या लांब गेलेला आपला माणूस!

पुढे नव्वदेक वर्षांनी चक्र उलटं फिरलं. फाळणीनंतर सिंधी कुटुंबं कल्याणच्या लष्करी छावण्यांत आली (तेच पुढे उल्हासनगर झालं), तशीच आपल्या इंदूर-बडोद्यातही आली. त्यांची पोरं आपल्या वर्गांत बसली. उजवीकडून डावीकडे लिहायची सवय असलेल्या हातांना आता देवनागरी गिरवायची होती.

सुरुवातीला सगळं गोडीगुलाबीचं नव्हतं. बोलण्यावरून चिडवाचिडवी व्हायची. "वर्गात गर्दी झाली, आपल्या पोरांकडे मास्तरांचं लक्ष राहणार नाही," ही कुरकुर घराघरांत होती. पण आमच्या घरातली वडील मंडळी वेगळंच सांगायची. शेजारी बसणारा मुलगा शाळा सुटली की गोळ्या-बिस्किटं विकायचा आणि सकाळी गृहपाठ करून हजर! नोकरदार घरातल्या आपल्या पोरांना तेव्हा कळलं, की कष्टाची लाज नसते आणि सगळं गेलं तरी माणूस पुन्हा उभा राहतो. हे कुठल्या धड्यात नव्हतं.

आणि आलेल्यांनी नुसतं घेतलं नाही. कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातून आलेल्या प्राध्यापकांनी १९४८ साली मुंबईत दोन खोल्यांत जयहिंद कॉलेज काढलं. १९४९ साली प्राचार्य कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांनी वांद्र्यात नॅशनल कॉलेज उभं केलं. तिथे पुढे कितीतरी मराठी मुलं शिकली. म्हणजे ज्यांच्यामुळे जागा कमी पडतील अशी भीती होती, त्यांनीच जागा वाढवल्या.

आज नातवाच्या वर्गात बाहेरगावची, वेगळ्या बोलीची मुलं आली की तीच जुनी कुरकुर कानावर येते. अहो, होळकर-शिंदे-गायकवाडांच्या मागोमाग आपणही कधीतरी इथे नवखेच होतो की! मुलाला विचारायचंच असेल तर एवढंच विचारा, "नव्या मुलाला डब्यातलं दिलंस का?"

तुमच्या घरच्या मोठ्यांच्या वर्गातही अशी नवी मुलं आली असतील. आठवणी जरूर लिहा. सांगणारी माणसं आता थोडीच उरलीत.