ऐकणाऱ्याची जबाबदारी

अत्याचारग्रस्त मुलांवरील उपचारांचा इतिहास वाचताना मी दर वेळी १९३२ सालापाशी थांबते. त्या सप्टेंबरात बुडापेस्टचे मनोविश्लेषक शांदोर फेरेन्त्सी यांनी जर्मनीतील वीसबाडेनच्या परिषदेत एक निबंध वाचला. मुलांवरील लैंगिक अत्याचार हे रुग्णांचे कल्पनाविलास नसून ते खरोखर आणि वरचेवर घडतात, असे त्यांचे म्हणणे होते. भेदरलेले मूल अत्याचार करणाऱ्याचा अपराधभाव स्वतःकडे घेते. आईपाशी बोलू गेले, तर ते सारे खोटे ठरते.

फ्रॉइड यांनी १८९६ मध्ये असेच मत मांडले होते, पण पुढच्याच वर्षी त्यांचा त्यावरचा विश्वास उडाला. फेरेन्त्सींचा निबंध त्यांना रुचला नाही. फेरेन्त्सी १९३३ मध्ये वारले; निबंधाचे इंग्रजी भाषांतर १९४९ मध्ये छापले गेले.

त्यातला उपचारकाविषयीचा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. उपचारक कोरडा, अलिप्त राहिला, तर रुग्णाच्या वाट्याला बालपणीचाच अनुभव पुन्हा येतो. तो आपली चूक कबूल करतो, तेव्हा रुग्णाचा विश्वास बसू लागतो.

मुलाला विश्वासाचे माणूस हवे, याची दखल आपल्याकडे पोक्सो कायद्याने घेतली. तो १४ नोव्हेंबर २०१२ रोजी लागू झाला. त्याच्या नियमांनुसार बालकल्याण समिती मुलासाठी सहायक व्यक्ती नेमू शकते; तपासात आणि खटल्यात ती सोबत करते. मात्र नेमणुकीच्या कागदाने मूल बोलू लागत नाही. एकदा खोटे ठरलेले मूल समोरच्याला आधी बराच काळ पारखते. तेवढा वेळ त्याच्याजवळ बसून राहणे, हा उपचाराचाच भाग आहे.