एक खाट, दोन लाख चाळीस हजार पेनी

ब्रिटन-अमेरिकेतल्या अनेक शाळांत एक उपक्रम चालतो. घराघरांत पडून असलेल्या जुन्या लाकडी खुर्च्या, स्टुलं, छोटी टेबलं शाळेत आणली जातात. मुलं ती पॉलिश पेपरने घासतात, पांढऱ्या रंगाचा पहिला हात देतात आणि वाळल्यावर त्यावर आपल्या मनातलं काढतात. कुणी मासे, कुणी चंद्र, कुणी आजीचं घर. मग एका संध्याकाळी लिलाव होतो आणि आलेले पैसे लहान मुलांच्या इस्पितळाला जातात.

यावर कुणी म्हणेल, हे भरल्या पोटाचे चोचले. आईवडिलांनी सरळ चेक लिहून दिला तर काम लवकर होईल आणि रंगाचा खर्चही वाचेल. हिशेबाने ते खरंच आहे. पण मुलांनी इस्पितळासाठी पैसे उभे करण्याला दीडशे वर्षांहून जुना इतिहास आहे. तो पाहिला की एक फरक ठळक दिसतो. एका रीतीत मूल लोकांकडून पैसे मागून आणतं, दुसऱ्या रीतीत मूल स्वतः काही करून देतं. इस्पितळाच्या वहीत दोन्हींची नोंद सारखीच होते. वर्गात मात्र दोन्हींचा परिणाम सारखा नसतो. आजचा लेख त्या फरकाबद्दल आहे.

सुरुवात लंडनपासून करू. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत त्या अवाढव्य शहरात लहान मुलांसाठी खाटा असलेलं स्वतंत्र इस्पितळ नव्हतं. १८४३ मध्ये लंडनच्या इस्पितळांतल्या रुग्णांची मोजणी झाली, तेव्हा सुमारे २,४०० रुग्णांत दहा वर्षांखालची मुलं होती फक्त २६. मुलं आजारी पडत नव्हती असं नाही, ती घरीच मरत होती. डॉ. चार्ल्स वेस्ट यांनी वर्षानुवर्षं खटपट केली आणि १४ फेब्रुवारी १८५२ रोजी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरच्या एका जुन्या घरात मुलांचं इस्पितळ उघडलं. खाटा होत्या दहा.

इस्पितळ चालायचं लोकांच्या देणगीवर. चार्ल्स डिकन्स हे त्याचे मोठे पाठीराखे होते. ९ फेब्रुवारी १८५८ रोजी इस्पितळासाठी झालेल्या मेजवानीत त्यांनी भाषण केलं आणि त्या एका रात्रीत सुमारे ३,००० पौंड जमले. पण ती मोठ्यांची मेजवानी होती आणि पैसाही मोठ्यांचा.

मुलांची पाळी दहा वर्षांनी आली. मार्गारेट गॅटी या लेखिकेने १८६६ मध्ये ‘आंट जूडीज मॅगझिन’ नावाचं मुलांचं मासिक सुरू केलं होतं. लुईस कॅरलसारख्या लेखकाची गोष्टही त्यात छापून आलेली आहे. १८६८ मध्ये या मासिकाच्या बालवाचकांनी ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या इस्पितळातली एक खाट आपल्या नावावर घेतली. एखादी खाट कायमची चालवायची तर १,००० पौंडांचा निधी लागे. त्याच्या व्याजावर त्या खाटेवरच्या मुलाचं औषधपाणी, जेवण, शुश्रूषा होई. तेव्हाच्या एका पौंडात २४० पेनी असत. म्हणजे मुलांच्या भाषेत त्या खाटेची किंमत दोन लाख चाळीस हजार पेनी झाली. मासिकाच्या नावाने ‘आंट जूडीची खाट’ उभी राहिली आणि त्या इस्पितळात अशी दत्तक घेतलेली ती पहिली खाट ठरली.

ही कल्पना आपल्या वाचकांना परकी वाटू नये. मूळ रक्कम राखून ठेवायची आणि तिच्या उत्पन्नातून गरजूची सोय कायम चालू ठेवायची, याला आपण वक्फ म्हणतो. कैरोत सुलतान कलावूनने १२८४ मध्ये बांधलेलं बीमारिस्तान अशाच वक्फवर चाललं. त्याच्या वक्फनाम्यात रुग्णांच्या खाटा, कापसाच्या गाद्या, उशा इतकंच काय, उन्हाळ्यात वारा घेण्यासाठी ताडपत्रीचे पंखे यांचीही तरतूद लिहिलेली आहे. इस्पितळ म्हणजे नुसते हकीम आणि दवा नव्हे, आजारी माणसाच्या पाठीखालची खाटही तितकीच महत्त्वाची, हे लिहिणाऱ्याला ठाऊक होतं. मात्र कैरोतला दाता सुलतान होता. लंडनच्या त्या खाटेचे दाते शाळकरी वयाचे होते, हे तिचं वेगळेपण.

आता सजावटीकडे येऊ. त्या काळातल्या इंग्रज घरांत मुलांचा एक आवडता उद्योग होता. रंगीत छापील चित्रं जमवायची, कातरायची आणि चिकटवायची. जर्मनीत छापलेली फुलांची, प्राण्यांची, परीकथांची कातीव चित्रं बाजारात स्वस्तात मिळू लागली होती. जुनी शुभेच्छापत्रं आणि मासिकांतली चित्रंही चालत. यातून दोन वस्तू तयार होत. एक म्हणजे चित्रांची वही. दुसरी म्हणजे घडीचा आडपडदा. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवायचं, खळ लावून त्यावर कागद चढवायचा, मग त्यावर शेकडो चित्रं एकमेकांना खेटून चिकटवायची आणि वरून व्हार्निशचा हात द्यायचा. खोलीत गार वारा अडवायला आणि थोडा आडोसा करायला हा पडदा वापरत.

ही चित्रांची वही आणि हा आडपडदा दोन्ही मुलांच्या इस्पितळांत पोहोचले. विचार करून पाहा, आठवडे-महिने पाठीवर पडून राहिलेलं मूल आणि समोर पांढरी भिंत. तिथे चित्रांनी भरलेला पडदा उभा राहिला तर रोज त्यात काहीतरी नवं सापडणार. हत्तीच्या मागे लपलेलं मांजर आज दिसलं, उद्या आणखी काही दिसेल. हे दान पैशाने मोजता येत नाही. मुलाला काय हवं हे दुसऱ्या मुलाला नेमकं कळलं, एवढं मात्र यातून दिसतं.

पुढे या कामाला संघटनेचं रूप आलं. लेडी मीथ यांनी १८८५ मध्ये मुलांची एक संघटना स्थापन केली, ‘मिनिस्टरिंग चिल्ड्रन्स लीग’. रोज निदान एक तरी भलं काम करायचं असा तिचा नियम होता. मुलं हाताने वस्तू करत, त्या विकल्या जात आणि पैसा आजारी व अनाथ मुलांसाठी वापरला जाई.

या कौतुकाला दुसरी बाजूही आहे आणि ती झाकून चालणार नाही. त्या काळच्या या मदतकार्यात देणारं मूल बहुतेक वेळा सुखवस्तू घरातलं आणि घेणारं मूल गरीब वस्तीतलं असे. लहानपणीच एकाला देण्याची आणि दुसऱ्याला हात पसरण्याची सवय लागे. गरीब मूलही काही देऊ शकतं, ही गोष्ट फारशी कुणाच्या ध्यानात येत नव्हती.

ती ध्यानात आली पहिल्या महायुद्धानंतर, आणि तीही उपासमारीतून. युद्ध हरलेल्या व्हिएन्नात मुलं भुकेने आणि आजाराने खंगत होती. त्याच शहरात फ्रान्झ चिझेक नावाचे चित्रकला शिक्षक मुलांचा वर्ग चालवत. मुलांना मोठ्यांच्या चित्रांची नक्कल करायला लावायची नाही, त्यांच्या मनातलं त्यांनाच काढू द्यायचं, हा त्यांचा आग्रह. १९२० मध्ये या मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लंडनला भरलं, नंतर ते गावोगावी फिरलं आणि त्याच्या उत्पन्नातून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या नव्या संस्थेच्या कामाला हातभार लागला. ज्यांच्यावर दया करायची तीच मुलं आता देणारी झाली होती. पुढे १९४९ मध्ये युनिसेफचं पहिलं शुभेच्छापत्र निघालं. त्यावरचं चित्र युद्धाने पोळलेल्या चेकोस्लोव्हाकियातल्या सात वर्षांच्या मुलीचं होतं. मदतीचे आभार म्हणून तिने ते काढलं होतं. कागद मिळत नव्हता म्हणून काचेवर. आज शाळेतलं मूल जुन्या खुर्चीवर मनातला मासा रंगवतं आणि लोक तो मोल देऊन नेतात, त्यामागे हा सगळा प्रवास आहे.

आता आपल्याकडे पाहू. मोठ्या दानाची परंपरा आपल्याकडे भक्कम आहे. मुंबईचं जे. जे. रुग्णालय १८४५ मध्ये सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलं. परळचं बाई जेरबाई वाडिया मुलांचं रुग्णालय १९२९ मध्ये वाडिया कुटुंबाच्या दानातून झालं. योगायोग असा की त्याच वर्षी लेखक जे. एम. बॅरी यांनी आपल्या ‘पीटर पॅन’चे हक्क ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या इस्पितळाला देऊन टाकले. राज्यभरातून आजारी लेकरू कडेवर घेऊन परळला आलेल्या किती आयांना वाडियाचा आधार मिळाला, हे वेगळं सांगायला नको.

लहान हातांची मदत आपल्या शाळांत आली ती बहुतांशी तिकिटांच्या रूपाने. तिचं मूळ डेन्मार्कमध्ये आहे. १९०४ मध्ये आयनर होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याने नाताळच्या पत्रांवर लावायचं एक जादा तिकीट काढलं, क्षयरोगी मुलांच्या इस्पितळासाठी. १९०७ मध्ये अमेरिकेत एमिली बिसेल यांनी तीच युक्ती वापरली. गरज ३०० डॉलरची होती, जमले सुमारे ३,०००. भारतात क्षयरोग संघटनेने १९५० पासून अशी तिकिटं विकायला सुरुवात केली आणि दरवर्षी २ ऑक्टोबरला मोहिमेचा आरंभ होऊ लागला. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी शाळेत ही तिकिटं घेतली असतील, कुणी शेजाऱ्यांना विकलीही असतील. क्षयाबद्दल उघडपणे बोललं जावं, यासाठी त्या तिकिटांचा उपयोग झालाच.

पण विक्रीच्या या पद्धतीत एक काटा आहे आणि तो शिक्षकाला रोज दिसतो. मी उर्दू आणि मराठी शिकवते. माझ्या वर्गात रिक्षावाल्याची मुलगी असते, बिगाऱ्याचा मुलगा असतो आणि दुकानदाराची मुलंही असतात. कूपनांचं पुस्तक हातात दिलं की दुकानदाराच्या मुलाचं पुस्तक दुसऱ्या दिवशी संपतं. बिगाऱ्याचा मुलगा आठवडाभर ते दप्तरात तसंच ठेवतो आणि हजेरीच्या वेळी मान खाली घालतो. कुणी जास्त आणले त्याचं नाव फळ्यावर लिहिलं तर त्या फळ्यावर वडिलांची कमाईच लिहिली जाते. मुलाच्या दिलात किती दर्द आहे, हे त्यातून कळत नाही.

खुर्ची रंगवण्यात हा काटा निघून जातो. खुर्ची जुनी, रंग शाळेचा, ब्रश सगळ्यांचे. ज्याचे वडील सुतार आहेत किंवा रंगकाम करतात त्याला तर इथे सगळ्यांपेक्षा जास्त येतं. हलणारा पाय कसा ठोकायचा, पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा का देऊ नये, हे तोच बाकीच्यांना सांगतो. वर्षभर मागच्या बाकावर बसणारं पोर त्या दिवशी उस्ताद होतं.

अर्थात, मुलांच्या रंगवलेल्या खुर्च्यांवर इस्पितळं चालवायची नसतात. ती जबाबदारी सरकारची. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली आणि खाटेचा खर्च सरकारवर आला. तरीही १९८७ मध्ये ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटच्या नव्या इमारतीसाठी लोकांपुढे हात करावा लागला आणि ५ कोटी ४० लाख पौंड जमले. त्या मोहिमेचं बोधचिन्ह लहान मुलाने काढल्यासारखं, डोळ्यात आसू असलेल्या मुलाच्या चेहऱ्याचं होतं. सरकारने आपलं काम करावं, असा आग्रह धरायचाच. पण आजारी शेजाऱ्याची आठवण ठेवणं हे काम सरकारवर सोपवता येत नाही.

शिक्षक मित्रमैत्रिणींना म्हणून एक सुचवावंसं वाटतं. पुढच्या वर्षी कूपनांचं पुस्तक आलं तर शाळेच्या अडगळीत एकदा नजर टाका. मोडकी स्टुलं, बिनपाठीच्या खुर्च्या तिथे हमखास असतात. त्या मुलांना द्या. कुठल्या खुर्चीला किती बोली लागली हे जाहीर करू नका, एकूण रक्कम तेवढी सांगा. खुर्चीवर देणगीदाराचं नाव नको, हवं तर रंगवणाऱ्या मुलांची नावं खालच्या बाजूला असू द्या. आणि एक तरी वस्तू लिलावात न काढता, व्हार्निश नीट वाळवून, इस्पितळाला विचारून मुलांच्या वॉर्डात पाठवा. पैसे औषधात खर्च होतील, ते व्हायलाच हवेत. ते स्टूल मात्र खाटेशेजारी राहील आणि रात्रभर जागणारी एखादी आई त्यावर बसेल.