गिफ्ट

‘देणे’ या अर्थाच्या प्राचीन जर्मानिक धातूपासून आलेला, उत्तर युरोपातील अनेक भाषांत आढळणारा शब्द. इंग्रजीत त्याचा अर्थ भेट, जर्मनमध्ये विष. जर्मन औषधालयांतील जुन्या बाटल्यांवर कवटीच्या चित्राखाली हाच शब्द छापलेला दिसतो.

हा अर्थ औषधाच्या मात्रेतून आला. ग्रीक ‘डोसिस’ म्हणजे मुळात ‘देणे’. पुढे ‘दिलेली मात्रा’. लॅटिनमार्गे आलेल्या त्या शब्दाच्या प्रभावाने जर्मन ‘गिफ्ट’ आधी मात्रा आणि मग जीवघेणी मात्रा झाला. विषाचे थेट नाव टाळण्याची वृत्तीही त्यामागे असावी. जुना अर्थ हुंड्याच्या ‘मिटगिफ्ट’ या शब्दात टिकून आहे.

स्वीडिश, डॅनिश आणि नॉर्वेजियन भाषांत ‘गिफ्ट’ म्हणजे विष आणि ‘विवाहित’सुद्धा. यावर तिकडे विनोद होतात, पण खरे नवल व्युत्पत्तीत आहे: मुलगी ‘देण्या’ची कल्पना मराठीइतकीच तिथेही जुनी. स्वीडिशमध्ये उच्चार ‘यिफ्ट’ असा होतो.

प्राचीन इंग्रजीतही हा शब्द ‘यिफ्ट’सारखाच उच्चारत आणि त्याचा अर्थ वधूमूल्य असा होता. आजचा ‘ग’ आणि भेटीचा अर्थ यांमागे व्हायकिंगांच्या नॉर्स भाषेचा प्रभाव आहे.

डचांनी दोन रूपे वेगळी केली: ‘गिफ्ट’ देणगीसाठी, ‘गिफ’ विषासाठी.