संसाराचे मार्क

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लेकीच्या पुस्तकातले तिच्याकडून समजावून घेतले, तेच येथे लिहिते.

लग्न कसे होईल याचा अंदाज आपल्याकडे पत्रिकेतल्या छत्तीस गुणांवरून बांधतात. अमेरिकेतील काही प्राध्यापकांनी निराळी वाट धरली. संसार करणाऱ्यांनाच विचारायचे आणि उत्तरांना मार्क द्यायचे! कॅलिफोर्नियात लुईस टर्मन यांनी ७९२ जोडप्यांचा अभ्यास केला. त्यांचे पुस्तक १९३८ साली निघाले. पुढच्याच वर्षी अर्नेस्ट बर्जेस व लिओनार्ड कॉट्रेल यांचे आले. त्यांनी इलिनॉय राज्यातील ५२६ जोडप्यांची माहिती घेतली होती. लग्नाला एक ते सहा वर्षे झालेली ही मंडळी.

पैसा कसा खर्चावा, सासरच्यांशी कसे वागावे, फुरसत कशी घालवावी, यांत तुमचे किती जुळते? लग्न केल्याचा पस्तावा होतो का? अशा प्रश्नांच्या मार्कांची बेरीज करून ती दोघांच्या पूर्वायुष्याशी ताडून पाहिली. ज्यांचे आईवडील सुखाने नांदले, त्यांची बेरीज बहुधा चांगली आली. लग्नाआधीची ओळख जास्त दिवसांची असली तरी फायदा दिसला. नुसत्या मिळकतीने मात्र फारसा फरक पडला नाही. स्थळ पाहताना आपण आधी पगार विचारतो, म्हणून हे मुद्दाम सांगितले.

आणखी एक गोष्ट त्यांना आढळली. संसारात मोठी तडजोड बायकोच करते. हे कळायला ५२६ जोडपी लागली! आपल्या मंडळात कोणीही सांगितले असते.

परंतु मला एक शंका येते. मते जुळली की मार्क वाढणार. मग जी बाई वाद नको म्हणून प्रत्येक गोष्टीला 'हो' म्हणते, तिचा संसारही कागदावर उत्तमच ठरणार ना? तिने काय गिळले, ते बेरजेत कुठून दिसावे? शिवाय ती जोडपी बहुतेक शहरातली, मध्यम स्थितीतली. शेतमजुराच्या घरचे त्यावरून काय कळणार?

पुढे २०२० साली कॅनडातील समांथा जोएल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ४३ अभ्यासांतील ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून संगणकाकडून तपासली. स्वभाव, वय यांपेक्षा 'जोडीदार मला धरून आहे, माझी कदर करतो' ही भावना समाधानाविषयी अधिक सांगून गेली. ते समाधान पुढे वाढेल की घटेल, हे मात्र संगणकालाही फारसे ओळखता आले नाही.