गिअरबॉक्सची डिपस्टिक कुठे गेली?

१९३९ च्या अखेरीस ओल्डस्मोबाइलची १९४० ची नवी मॉडेल्स अमेरिकेतल्या शोरूममध्ये आली, तेव्हा ५७ डॉलर जादा मोजणाऱ्याची क्लचच्या पेडलपासून कायमची सुटका होत होती. या सोयीचं नाव हायड्रा-मॅटिक. मोठ्या संख्येने तयार होऊन सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत पोचलेला हा पहिला पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. तो जनरल मोटर्समध्ये अर्ल थॉम्पसन या इंजिनिअरच्या देखरेखीखाली घडला. गिअर टाकताना होणारी खरखर थांबवणारी सिंक्रोमेशची रचना १९२८ मध्ये कॅडिलॅकमध्ये आली, तीही थॉम्पसनचीच. हायड्रा-मॅटिकने ड्रायव्हरचा डावा पाय मोकळा केला खरा, पण मालकावर एक नवी जबाबदारी आली: गिअरबॉक्समधल्या तेलावर लक्ष ठेवायची.

हे काम बिनमहत्त्वाचं नव्हतं. साध्या गिअरबॉक्समधलं तेल हे नुसतं वंगण असतं. ऑटोमॅटिकमध्ये तेच तेल इंजिनाची ताकद पुढे पोचवतं. पात्यांचं एक चाक ते जोराने फेकतं आणि समोरचं चाक त्या माऱ्याने फिरू लागतं. ही कल्पना जर्मन इंजिनिअर हेर्मान फ्योटिंगर याची. तिचं पेटंट त्याने १९०५ मध्ये घेतलं आणि तेही मोटारीसाठी नाही, जहाजांसाठी. शिवाय तेलाच्याच दाबाने क्लच प्लेट आवळल्या जातात, गिअर कधी बदलायचा हे जुन्या गिअरबॉक्समध्ये झडपांच्या जाळ्यातून फिरणारं तेलच ठरवत असे, आणि सगळी उष्णता बाहेर वाहून नेणारंही तेच. यातलं सगळ्यात नाजूक काम घर्षणाचं. प्लेट तेलात बुडालेल्या असतात. त्यांनी घासून झिजायचं नाही, पण नेमक्या क्षणी एकमेकींना घट्ट धरायचं. सरकू द्यायचं आणि धरूही द्यायचं, या दोन उलट मागण्या एकाच तेलाने पुऱ्या करायच्या. पुढच्या ऐंशी वर्षांतल्या बहुतेक भानगडी इथूनच सुरू होतात.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम ५ आणि एम २४ या हलक्या रणगाड्यांमध्ये दोन-दोन कॅडिलॅक इंजिनं आणि त्यांच्या जोडीला हायड्रा-मॅटिक बसवले गेले. युद्ध संपल्यावर कंपनीने रणांगणावरच्या या कसोटीचा जाहिरातींत भरपूर वापर केला आणि लोकांच्या मनातली धास्ती गेली. पाठोपाठ इतरही आले. ब्युइकचा डायनाफ्लो १९४८ च्या मॉडेलमध्ये, पॅकार्डचा अल्ट्रामॅटिक १९४९ मध्ये, शेव्हरोलेचा पॉवरग्लाइड १९५० मध्ये. रोल्स-रॉइससारख्या कंपनीनेही १९५० च्या दशकात हायड्रा-मॅटिकच परवान्याने घेतला.

इतक्या गाड्या रस्त्यावर आल्यावर तेल फक्त डीलरच्या कपाटात ठेवून भागणार नव्हतं. १९४९ मध्ये जनरल मोटर्सने ‘टाइप ए’ हे मानक जाहीर केलं. कोणत्याही तेल कंपनीने त्या कसोटीला उतरणारं तेल बनवावं, शिकागोच्या आर्मर रिसर्च फाउंडेशनकडून ते तपासून घ्यावं आणि डब्यावर मंजुरीचा क्रमांक छापून विकावं, अशी ही व्यवस्था होती. इंजिन ऑइलशी गल्लत होऊ नये आणि गळती झाली तर कुठून झाली ते लगेच कळावं, म्हणून त्यात लाल रंग घालत. एका कंपनीने आपल्या यंत्राचं तेल सगळ्यांना खुलं केलं, याचं मोल मोठं आहे. आता पेट्रोल पंपावरून डबा घ्यायचा आणि घरी जाऊन गाडीखाली शिरायचं, हे कोणालाही जमण्यासारखं झालं.

अमेरिकेत तसं वातावरणही होतं. उपनगरातल्या घराला स्वतःचं गॅरेज, पुढे सिमेंटचा उतार, सिअर्सच्या दुकानातून आणलेला क्राफ्ट्समन पान्यांचा संच आणि मेकॅनिकची मजुरी मात्र महाग. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी गाडीची कामं घरीच उरकायची रीत पडली. ऑटोमॅटिकचं तेल बदलणं हे त्यातलं जरा वरच्या पायरीचं काम. क्रायस्लरचा १९५६ मध्ये आलेला टॉर्कफ्लाइट या बाबतीत घरच्या मेकॅनिकांचा विशेष लाडका, आणि ते काम कसं चाले हे जवळून पाहण्यासारखं आहे.

आधी गाडी थोडी फिरवून तेल कोमट करायचं. मग गाडी उचलायची आणि भक्कम स्टँडवर टेकवायची. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जायचं नाही. गिअरबॉक्सच्या पोटाशी पत्र्याचा उथळ पॅन, त्याला १४ बोल्ट. तेल सोडायला खाली बूच नाही. म्हणून एका बाजूचे बोल्ट नुसते सैल करायचे, बाकीचे काढायचे आणि रबरी हातोडीने कोपऱ्यावर हलकेच ठोकायचं. पॅकिंग सुटलं की पॅन तिरका होतो आणि लाल तेलाची धार खालच्या परातीत पडते. नवखा माणूस इथे कोपरापर्यंत भिजतोच. पॅन खाली आला की खरी तपासणी सुरू होते. तळाशी करडा, मऊ गाळ असेल तर ती रोजची झीज. काळ्या खपल्या असतील तर क्लच प्लेटचं अस्तर सुटायला लागलेलं. चमकणारे धातूचे तुकडे दिसले तर मात्र गिअरबॉक्स उघडल्याशिवाय गत्यंतर नाही. तेल तपकिरी झालेलं आणि करपल्याचा वास असेल, तर प्लेट घसरून तापल्याची ती खूण.

फिल्टर तीन स्क्रूंनी बसवलेला असे. जुना काढायचा, नवा लावायचा. पॅन उघडाच आहे तर आतल्या पट्ट्याचा ताणही बघून घ्यायचा: स्क्रू ठरल्या जोराने आवळायचा आणि पुस्तकात दिले असतील तेवढे फेरे उलटा फिरवायचा. कॉर्कचं नवं पॅकिंग लावून बोल्ट पुन्हा बसवताना हाताला लगाम हवा. जास्त आवळलं तर कॉर्क चेपून बाहेर येतो आणि महिन्याभरात गळती लागते. नवं तेल, पातळी बघायची डिपस्टिक जिच्यात असते त्याच नळीतून, लांब नरसाळ्याने ओतायचं. मग इंजिन चालू करून, ब्रेक दाबून धरून प्रत्येक गिअरमध्ये क्षणभर थांबायचं आणि इंजिन चालू असतानाच पातळी बघायची. क्रायस्लरमध्ये ती न्यूट्रलवर बघतात, जनरल मोटर्सच्या गाडीत पार्कवर. असे बारकावे छापील पुस्तकांतून मिळत. त्यांपैकी इंग्लंडच्या जॉन हेन्सची पुस्तकं जगभर गेली. त्याचं पहिलं मॅन्युअल १९६६ चं. पुढे गाडी स्वतः पूर्ण खोलून, प्रत्येक पायरीचा फोटो काढून पुस्तक करणं ही हेन्सची ओळख झाली.

घरच्या मेकॅनिकला खरा धोका होता तो डब्यांचा. १९६७ च्या सुमारास फोर्डने ‘टाइप एफ’ आणि जनरल मोटर्सने ‘डेक्सरॉन’ आणलं. दोन्ही लाल, दोन्ही दुकानात शेजारीशेजारी, स्वभाव मात्र उलटे. टाइप एफ शेवटच्या क्षणी प्लेट करकचून धरतं, त्यामुळे गिअर खाडकन पडतो. डेक्सरॉनमध्ये घर्षण सौम्य करणारे पदार्थ असतात, त्यामुळे गिअर अलगद पडतो. एका गाडीचं तेल दुसरीत घातलं की कुठे झटके बसत, कुठे प्लेट घसरून जळत.

आणि डेक्सरॉनचा तो अलगदपणा येत होता देवमाशाच्या तेलातून.

स्पर्म व्हेलच्या डोक्यातून आणि चरबीतून मिळणारं तेल हे खरं तर द्रवरूप मेण. उष्णता आणि दाब दोन्ही सोसणारं, धातूला चिकटून राहणारं आणि सहजी खवट न होणारं. एकोणिसाव्या शतकात नँटकेट आणि न्यू बेडफर्ड ही बंदरं याच तेलाच्या दिव्यांवर श्रीमंत झाली. रॉकेलने दिव्यांचा धंदा संपवला, तरी यंत्रांची गरज शिल्लक राहिली, आणि विसाव्या शतकाच्या मध्यावर कारखान्यासारख्या चालणाऱ्या जहाजांनी व्हेलची कत्तल पूर्वीपेक्षा कितीतरी वाढवली. घरासमोर उभ्या असलेल्या गाडीचा गिअर गुळगुळीत पडावा म्हणून भर समुद्रात हा अवाढव्य प्राणी मारला जात होता, आणि डबा ओतणाऱ्या माणसाला त्याची काही कल्पना नव्हती. डब्यावर तसं लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही. या साऱ्या इतिहासातली ही सगळ्यात लाजिरवाणी बाब आहे. महाराष्ट्रात स्पर्म व्हेलचं नाव ऐकू येतं ते बहुधा अंबरग्रीसच्या, म्हणजे ‘व्हेलच्या उलटी’च्या तस्करीत पकडलेल्यांच्या बातम्यांतून. त्याच प्राण्याची ही दुसरी कहाणी आहे.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यात आलेल्या प्राण्यांच्या यादीत घातलं आणि त्याच्या तेलाची आयात बंद झाली. पुढे १९७३ चा कायदा आणखी कडक आला. रसायनतज्ज्ञांना घाईने पर्याय शोधावा लागला. सोनोरा वाळवंटातल्या होहोबा या झुडपाच्या बियांतलं मेण व्हेलच्या तेलाच्या अगदी जवळचं निघालं, त्यामुळे त्या झुडपाची एकदम चर्चा सुरू झाली. पण गिअरबॉक्ससाठी मुख्य भर कृत्रिम पदार्थांवरच राहिला. १९७० च्या दशकात डेक्सरॉन-२ बाजारात आलं. त्याच्या एका सुरुवातीच्या प्रकाराने रेडिएटरमधल्या ऑइल कूलरचा धातूच खायला सुरुवात केली. ऑटोमॅटिकचं तेल थंड होण्यासाठी याच कूलरमधून फिरतं. तिथे छिद्र पडलं की रेडिएटरचं पाणी गिअरबॉक्समध्ये शिरतं आणि लाल तेलाचा स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी फेस होतो. क्लच प्लेटचं अस्तर ज्या गोंदाने बसवलेलं असतं, तो पाण्याने सुटतो. मग गंज रोखणारा पदार्थ घालून सुधारलेला प्रकार आणावा लागला. पुढे डेक्सरॉन-३ आलं १९९३ मध्ये, आणि डेक्सरॉन-६ २००५ च्या सुमारास.

तेल असं सुधारत गेलं आणि मालकाचा हात मात्र एकेक पायरी मागे ढकलला गेला. ऑटोमॅटिकमधलं बरंचसं तेल पॅनमध्ये नसतं, टॉर्क कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे पात्यांची ती चाकं ज्यात असतात त्या भागात, असतं. पॅन उतरवून निघतं ते साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत. पूर्वी अनेक गाड्यांत कन्व्हर्टरलाही तेल सोडायचं बूच असे, त्यामुळे सगळं तेल घरी बदलता येई. पुढे ती बुचं हळूहळू गेली. मग डिपस्टिकची पाळी आली. मर्सिडीजच्या १९९६ मधल्या पाच गिअरच्या ऑटोमॅटिकला नळी होती, पण आत डिपस्टिक नव्हती. वर कुलूपबंद झाकण, ते फक्त वर्कशॉपने उघडायचं. आणि तेल ‘आयुष्यभरासाठी’ भरलेलं. काही वर्षांतच कंपनीने भूमिका बदलली आणि ६०,००० किलोमीटरला तेल बदलायला सांगितलं. टोयोटाच्या या शतकातल्या अनेक गिअरबॉक्सना तर नळीच नाही. पातळी बघायची तर गाडी सपाट उचलायची, तेलाचं तापमान ४० अंशांच्या आसपास आणायचं, खालचं बूच उघडायचं आणि जादा तेल थेंबथेंब व्हायची वाट बघायची. हेही घरी होतं, पण त्याला उपकरणं आणि धीर दोन्ही लागतात. यात सुटसुटीत अपवाद होंडाचा. तिच्या अनेक गिअरबॉक्सना तेल सोडायचं साधं बूच आहे आणि त्याच्या टोकावर लोखंडाचा कीस धरणारं चुंबक.

‘आयुष्यभर’ म्हणजे कोणाचं आयुष्य, हे मॅन्युअल सहसा स्पष्ट सांगत नाही. गिअरबॉक्स बनवणारे मात्र सांगतात. बीएमडब्ल्यूसह अनेक कंपन्यांना ऑटोमॅटिक पुरवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी म्हणते की ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरला किंवा आठ वर्षांनी तेल बदलावं. त्यातल्या अनेक गिअरबॉक्समध्ये फिल्टर प्लॅस्टिकच्या पॅनमध्येच घडवलेला असतो, म्हणजे तेलाबरोबर अख्खा पॅनच बदलावा लागतो. गाडी विकणारा एक सांगतो आणि गिअरबॉक्स घडवणारा दुसरं, तेव्हा घडवणाऱ्याचं ऐकावं.

महाराष्ट्राचा ऑटोमॅटिकशी परिचय उशिराचा. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सने १९२८ मध्ये गाड्या जोडायचा कारखाना काढला, पण १९५४ मध्ये तो बंद झाला. पुढची अनेक दशकं कुर्ल्याच्या कारखान्यातून आलेली प्रीमियर पद्मिनी आणि बंगालची अँबॅसेडर हातानेच गिअर टाकत चालल्या. पुण्याजवळ मर्सिडीज १९९५ पासून जोडली जाते, पण ती मोजक्यांची गाडी. आपल्याकडच्या मेकॅनिकला लाल एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिकचं तेल, ओळखीचं झालं ते बहुधा पॉवर स्टीअरिंगचं तेल म्हणून. २०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओबरोबर स्वस्त एएमटी आला आणि दोन पेडलच्या गाड्या मध्यमवर्गाच्या घरी पोचल्या. एएमटी म्हणजे मुळात साधाच गिअरबॉक्स; क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. त्याचं तेल वेगळं, सीव्हीटी या विनापायऱ्यांच्या ऑटोमॅटिकचं वेगळं, टॉर्क कन्व्हर्टरचं वेगळं. यातलं एक दुसऱ्यात ओतणं म्हणजे १९६७ ची चूक नव्याने करणं.

जुनं तेल काढलं की गिअरबॉक्स बसतो, असं गॅरेजमध्ये हमखास ऐकायला मिळतं. खरं असं की लोक गिअर घसरू लागल्यावरच तेल बदलायला येतात. अस्तर तोवर संपलेलं असतं आणि दोष नव्या तेलावर येतो.

म्हणून ऑटोमॅटिक गाडी असेल तर तिचं मॅन्युअल काढून ‘खडतर वापर’ कशाला म्हटलंय ते वाचा. रखडत चालणारी वाहतूक, कडक उन्हाळा, घाट आणि धूळ हेच तिथे लिहिलेलं सापडेल. म्हणजे सायन-पनवेल किंवा हिंजवडीच्या रस्त्यावरचा रोजचा दिवस. त्या रकान्यात दिलेलं अंतर आपलं माना. त्या अंतरावर, मॅन्युअलमध्ये नाव दिलेलं तेलच, फिल्टरसह बदलून घ्या. काम कोणीही करो, उतरवलेला पॅन धुण्याआधी एकदा स्वतः पाहा. आणि निघालेलं तेल गटारात न सोडता बंद डब्यात भरून जुनं तेल घेणाऱ्याकडे द्या.