काळ्या रंगाची तक्रार

चित्रकाराची दृष्टी अचूक असावी, असे सहज म्हटले जाते. परंतु हा अचूकपणा नेमका कशाचा, या प्रश्नावर मोठा प्रकाश टाकला तो एका रसायनशास्त्रज्ञाने. पॅरिस येथील गोबेलां या भित्तिपट विणणाऱ्या प्रसिद्ध कारखान्यात मिशेल-युजेन शेव्रल १८२४ साली रंगाई विभागाचा प्रमुख झाला. निळ्या व जांभळ्या वस्त्रांच्या छायेसाठी योजलेला काळा रंग निस्तेज पडतो, अशी तक्रार त्याच्यापुढे आली. ठपका अर्थातच रंगाऱ्यांवर होता. शेव्रलने ती काळी लोकर अन्य कारखान्यांतील लोकरीशी ताडून पाहिली. तीत काही उणे आढळले नाही. दोष रंगाचा नसून शेजाराचा होता.

१८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्याने यामागील नियम सविस्तर मांडला. शेजारचे दोन रंग परस्परांतील भेद वाढवून दाखवितात: उजळाजवळ गडद अधिक गडद भासतो आणि प्रत्येक रंग दुसऱ्यावर आपल्या पूरक रंगाची झाक टाकतो.

पुढे जोसेफ आल्बर्सने १९६३ च्या आपल्या ग्रंथात हाच धडा अभ्यासक्रमाच्या रूपाने दिला. एकाच रंगाचे दोन तुकडे निरनिराळ्या पार्श्वभूमींवर ठेवून ते भिन्न भासवावयाचे, हा त्यातील एक पाठ. विद्यार्थी आरंभी शिकतो ते आपला डोळा कोठे फसतो हे. चित्रशाळेत डोळे किलकिले करून पाहण्याचा प्रघातही याच जातीचा. तपशील मावळतो आणि उजेड-अंधाराचे प्रमाण तेवढे उरते. एकट्या रंगाकडे पाहून त्याचा न्याय करता येत नाही. गोबेलांच्या रंगाऱ्यांवरील ठपका दूर झाला तो तुलनेनेच.