फळी किती रुंद असावी?

नायगावच्या खाडीत ओहोटीला चिखल उघडा पडतो. निवटी त्यावरून टुणटुण उड्या मारत जाते. माणूस मात्र दोन पावलांतच गुडघ्यापर्यंत रुततो. त्याच चिखलावर एखादी रुंद फळी टाकली, तर तिच्यावर उभे राहता येते. माणसाचे वजन तेवढेच, चिखलही तोच. बदलते ते फक्त भार पेलणारे क्षेत्रफळ.

वसई-विरारमध्ये बर्फ पडत नाही. पण भुसभुशीत बर्फात राहणाऱ्या माणसांपुढेही नेमका हाच प्रश्न होता. त्यांनी पायाला फळ्या बांधल्या. त्यांनाच आपण स्की म्हणतो. ही फळी किती रुंद असावी, याचा शोध पाच हजार वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तो सरळ रेषेत पुढे गेलेला नाही.

आधी थोडे गणित करू. ६० किलो वजनाच्या माणसाच्या दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ सुमारे ४०० चौरस सेंटीमीटर धरले, तर प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर १५० ग्रॅम भार येतो. १८० सें.मी. लांब आणि सरासरी ८ सें.मी. रुंद अशा दोन स्कींवर तोच माणूस उभा राहिला, तर हा भार सुमारे २१ ग्रॅम होतो. रुंदी १२ सें.मी. केली, तर १४ ग्रॅम.

हे गणित न मांडताही जुन्या लोकांना त्याचा अनुभव होता. उत्तर स्वीडनमधील काल्व्हट्रेस्क येथे १९२४ साली सापडलेल्या लाकडी स्की सुमारे ५२०० वर्षांपूर्वीच्या आहेत. त्या दोन मीटर लांब आणि सुमारे १५ सें.मी. रुंद आहेत. मध्य आशियातील अल्ताई पर्वतातले लोक रुंद फळ्यांच्या तळाला घोड्याचे कातडे लावतात. केसांचा कल मागच्या बाजूला असल्याने फळी पुढे घसरते, पण चढावर मागे सरकत नाही.

मग फळी अरुंद का झाली? कारण माणसाला नुसते तरंगायचे नव्हते, वळायचेही होते. नॉर्वेतील टेलेमार्क भागातल्या सोंद्रे नोरहाइम याने एकोणिसाव्या शतकात मध्ये निमुळती, म्हणजे कंबर असलेली स्की वापरली आणि टाचेमागून जाणारा बंधही वापरात आणला. १८६८ साली राजधानीत झालेल्या स्पर्धेत त्याने आपले कौशल्य दाखवून लोकांना थक्क केले. अशी स्की कडेवर कलवली की तिची वक्र कड बर्फात रुतते आणि वळण घेते. पुढे शर्यती आल्या, दाबून सपाट केलेले कठीण उतार आले. १९८० च्या दशकापर्यंत उतारावरच्या स्कीची कंबर साधारण ६५ मिलिमीटरवर आली.

त्याच दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रियातील अ‍ॅटॉमिक कंपनीने जवळजवळ दुप्पट रुंदीची स्की बाजारात आणली. प्रथम लोक तिला हसले. खोल ताज्या बर्फात मात्र नवशिकेही तिच्यावर तरंगू लागले. २००२ साली शेन मॅकॉन्की याच्या कल्पनेतून आलेल्या स्कीने तर पाण्यावरच्या स्कीचा आकार उचलला. खोल बर्फ पुष्कळसा पाण्यासारखा वागतो, ही त्यामागची दृष्टी.

मग सगळ्यांनीच रुंद स्की का घेऊ नये? येथे तरफेचा नियम आडवा येतो. कंबर ६५ मि.मी. असेल, तर कड पावलाच्या मध्यापासून साधारण ३२ मि.मी. दूर असते, ११५ मि.मी. असेल, तर ५७ मि.मी. कठीण बर्फावर स्की कडेवर उभी करताना घोट्यावर आणि गुडघ्यावर तेवढा जास्त ताण येतो, आणि एका कडेवरून दुसऱ्या कडेवर जायला वेळही लागतो. म्हणून सर्व प्रकारच्या उतारांसाठीची स्की बहुधा या दोहोंच्या मधली असते. ती तडजोड आहे. सकाळच्या कडक आणि दुपारच्या मऊ बर्फावर, दोन्हीकडे वापरून पाहिल्याशिवाय तिची परीक्षा पुरी होत नाही.

आपल्या देशात ही परीक्षा गुलमर्गला होते. तेथे १९२७ साली स्की क्लब ऑफ इंडिया स्थापन झाला आणि १९४८ साली लष्कराचे स्की प्रशिक्षण सुरू झाले. २००५ साली रज्जुमार्गाचा दुसरा टप्पा अफरवाट शिखराच्या खांद्यापर्यंत पोचला आणि खोल बर्फाचे उतार सहज आवाक्यात आले. पण ८ फेब्रुवारी २०१० रोजी याच भागात प्रशिक्षण घेत असलेल्या जवानांवर हिमलोट कोसळून १७ जण मृत्युमुखी पडले. फळी पायाखालच्या बर्फात रुतू देत नाही. वरून घसरणाऱ्या बर्फापुढे तिचे काही चालत नाही. खाडीतली फळीही चिखलात रुतू देत नाही, भरती मात्र थांबवत नाही.

म्हणून मुलांना खाडीत नेऊ नका. चिखल घमेल्यात भरून वर्गात आणा. समान लांबीच्या, पण वेगळ्या रुंदीच्या दोन पट्ट्यांवर एकसारखे वजन ठेवून कोणती किती रुतते ते मोजा. मग त्याच पट्ट्या कठीण फरशीवर ठेवून, मधोमध बोट दाबून कडेवर कलवून पाहा. पहिल्या प्रयोगात रुंद पट्टी जिंकेल, दुसऱ्यात अरुंद. "मग चांगली कोणती?" असे मुले विचारतील. तेव्हा उत्तर देऊ नका. "कशावर?" एवढेच विचारा.